अंदमानातला शामा: स्वतंत्र जाती की उपजाती, हे ठरतं कसं?

प्रश्न असा आहे: शामा हा लांब शेपटीचा गाणारा पक्षी. जुन्या पुस्तकांत अंदमानातला शामा हा आपल्याकडच्या, म्हणजे सह्याद्रीतल्या शामाची उपजाती म्हणून दिलेला असतो. नव्या याद्यांत मात्र तो 'अंदमान शामा' या नावाने वेगळी जाती म्हणून येतो. पक्षी तोच, बेटं तीच. मग मधल्या काळात काय घडलं? आणि बेटावरचा पक्षी जाती की उपजाती, हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवतं?

आधी थोडक्यात सांगतो. कुठलाही एक फरक, एक जनुक किंवा एक आकडा याचा निकाल लावत नाही. अंदमानचा शामा आणि म्यानमारचा शामा एकमेकांना कधी भेटतच नाहीत. त्यामुळे भेटले असते तर आपापसांत जोड्या बांधल्या असत्या का, हे थेट पाहता येत नाही. म्हणून प्रश्न फिरवून विचारावा लागतो: जवळच्या नात्यातल्या ज्या दोन जाती एकाच जंगलात राहूनही मिसळत नाहीत, त्यांच्यात जेवढा फरक असतो तेवढा या दोघांत आहे का? तुलना कोणाशी करायची आणि मोजपट्टी कुठली धरायची, हे नीट ठरलं की निम्मं काम झालं. बहुतेक वाद तिथे घाई केल्यामुळेच होतात.

अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेली जातीची व्याख्या अशी: निसर्गात आपापसांत प्रजनन करणारा आणि तशा इतर गटांपासून प्रजननाच्या बाबतीत अलग पडलेला गट. मुख्य भूमीवर ही व्याख्या वापरता येते. दोन रूपांचे प्रदेश जिथे भिडतात तिथे जायचं, संकर किती आणि किती रुंद पट्ट्यात होतो ते बघायचं. बेटाच्या बाबतीत मधे समुद्र असतो आणि भिडण्याची जागाच नसते. मग दोघांना पिंजऱ्यात एकत्र ठेवून बघावं का? त्याने काही सिद्ध होत नाही. पिंजऱ्यात जोडीदार निवडायला वावच नसतो, आणि उघडउघड वेगळ्या जातींच्या बदकांना किंवा फिंचना बंदिवासात पिल्लं होतात हे पक्षी पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

मोजपट्टी मिळवायला अंदमानसारखी जागा नाही. तिथे सर्पगरुडाची दोन रूपं आहेत. एक आपल्याकडेही दिसणाऱ्या तुरेवाल्या सर्पगरुडाची स्थानिक उपजाती, जी जास्त करून किनारा आणि खारफुटीच्या बाजूला असते. दुसरा काळपट अंदमान सर्पगरुड, आतल्या जंगलातला. दोघं त्याच बेटांवर पिढ्यान्पिढ्या राहतात आणि वेगळे राहतात. त्यामुळे अंदमान सर्पगरुड स्वतंत्र जाती आहे यात शंका उरत नाही. निनॉक्स घुबडांचंही तसंच. अंदमान निनॉक्स आणि गडद रंगाचं ह्यूमचं निनॉक्स ही दोन्ही अंदमानात एकत्र नांदतात. अशा जोड्यांमध्ये पंखाच्या लांबीत किती फरक आहे, हाकेत किती आहे, पिसाऱ्यात किती आहे, हे मोजलं की त्या त्या कुळासाठी एक कसोटी हाती लागते. मग निकोबारच्या बेटांवरचे छोटे सर्पगरुड, ज्यांच्या शेजारी दुसरा सर्पगरुड राहतच नाही, त्यांना ती कसोटी लावता येते. शामाला सर्पगरुडाची पट्टी लावायची नाही. शामासाठी दयाळ आणि शामा यांच्याच गटातल्या, एकत्र राहणाऱ्या जाती हव्यात.

आता तुलना कोणाशी. आपल्याला सह्याद्रीतला शामा ओळखीचा, म्हणून आपण अंदमानचा फोटो त्याच्या शेजारी ठेवतो. ही सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. अंदमान-निकोबारची रांग म्हणजे म्यानमारच्या आराकान योमा डोंगरांचंच समुद्रात शिरलेलं लांबण, जे पुढे सुमात्राला जाऊन मिळतं. तिथल्या जंगली पक्ष्यांचे सोयरे पूर्वेकडे शोधायचे असतात. म्हणजे किमान चार गट टेबलावर हवेत: म्यानमार-थायलंडचे शामा, मलाय द्वीपकल्प आणि सुमात्राचे, सुमात्राच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचे संपूर्ण काळ्या शेपटीचे (यांनाही आता काही याद्या स्वतंत्र जाती मानतात), आणि मग सह्याद्री-श्रीलंकेचे. हे सगळे का? कारण मुख्य भूमीवरच्या शामांमध्येच आपापसांत किती फरक आहे, हे कळल्याशिवाय बेटाचा फरक मोठा की लहान ते सांगता येत नाही. म्यानमार आणि सुमात्रा यांच्यातलं अंतर बेट आणि म्यानमार यांच्यातल्या अंतराएवढंच निघालं, तर बेटाला वेगळं काढून बाकीचे एकत्र ठेवणं चुकीचं ठरेल.

हे झालं की संग्रहालय. अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांसाठी तीन जागा महत्त्वाच्या: मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, जिथे हुमायून अब्दुलालींनी जमवलेले नमुने आहेत, कोलकात्याचं झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, आणि इंग्लंडमधलं ट्रिंग, जिथे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमने १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेला संग्रह ठेवलाय. जुन्या कपाटांतून काय निघू शकतं त्याचं उदाहरण म्हणजे निकोबारचं स्कॉप्स घुबड. अब्दुलालींनी ग्रेट निकोबारच्या कॅम्पबेल बेला मिळवलेल्या दोन नमुन्यांवरून, एक १९६६ चा आणि एक १९७७ चा, पामेला रासमुसेन यांनी १९९८ मध्ये नवी जाती वर्णन केली. पक्षी तोवर कपाटातच होता.

नमुने मोजताना काय बिघडतं ते सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी आकडेमोड यावर उभी असते.

नर-मादी आणि प्रौढ-किशोर वेगळे करूनच मोजा. बेटावरून आलेल्या दहा नमुन्यांत आठ नर आणि मुख्य भूमीच्या दहांत चारच नर असतील, तर 'बेटावरचा पक्षी मोठा' असा खोटा निष्कर्ष हमखास निघतो. पंख सपाट दाबून, कमाल लांबी, अडवणी असलेल्या पट्टीने. चोच आणि टार्सस (पायाचा बोटांच्या वरचा भाग) कॅलिपरने ०.१ मिमीपर्यंत. सगळे नमुने एकाच माणसाने मोजावेत आणि त्यातले काही त्याने लेबल झाकून पुन्हा मोजावेत. दोन मोजण्यांतला फरक गटांमधल्या फरकाच्या जवळपास आला, तर ते माप टाकून द्यायचं. ताज्या पक्ष्याचं माप आणि सुकलेल्या कातड्याचं माप एका तक्त्यात कधीही मिसळू नका. वाळताना पंख एखाद-दोन टक्के आखडतो, आणि उपजातींमधले फरक कित्येकदा तेवढेच असतात. पिसांची अवस्थाही बघा. झिजलेल्या पिसांचा पंख आणि शेपूट दोन्ही आखूड मोजली जातात. शामाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण त्याची शेपूट लांब असते आणि टोकाला झिजते.

रंगाचा सापळा वेगळा आहे. शंभर-सव्वाशे वर्षांच्या कातड्यांवर काळा रंग तपकिरीकडे झुकतो आणि करडा रंग पिवळट होतो. ह्यूमच्या काळातला बेटाचा नमुना आणि १९६० च्या दशकातला मुख्य भूमीचा नमुना शेजारी ठेवून रंग लावला, तर तुम्ही पक्ष्यांतला नव्हे, कपाटात गेलेल्या वर्षांतला फरक मोजता. एकाच काळातले नमुने निवडा, उत्तरेकडून येणाऱ्या उजेडात किंवा ठरावीक दिव्याखाली बघा, फोटोत करडं कार्ड ठेवा, आणि शक्य असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग आकड्यांत मोजणारं यंत्र, वापरा.

अंदमान शामाचा ठळक फरक सुदैवाने असा बारीक नाही. आपल्या शामाचं पोट तांबूस असतं. अंदमानच्या शामाचं पोट पांढरं असून तांबूस रंग कुशीत आणि शेपटीखाली उरतो. एडवर्ड ब्लाइथने १८५८ मध्ये याला नाव दिलं तेही याच खुणेवरून. हा फरक नमुना जुना झाल्याने येत नाही आणि झिजेनेही येत नाही.

पण तो प्रत्येक पक्ष्यात असतो का? इथे लोक फार लवकर समाधानी होतात. दहा कातडी पाहिली आणि दहाही पांढऱ्या पोटाची निघाली, तर '१०० टक्के' असं लिहितात. संख्याशास्त्र सांगतं की दहांत एकही अपवाद न सापडता प्रत्यक्षात सुमारे २६ टक्क्यांपर्यंत अपवाद लपलेले असू शकतात, ९५ टक्के खात्रीची मर्यादा धरली तर. अपवाद ५ टक्क्यांच्या आत आहेत असं म्हणायला साठ पक्षी लागतात. तेवढी कातडी क्वचितच मिळतात. त्यामुळे तारीख-जागा असलेले चांगले फोटो गोळा करून ही संख्या भरून काढावी लागते, आणि रंगाच्या ठळक फरकासाठी फोटो पुरतात.

मापांसाठी दोन कसोट्या सोबतच चालवा, कारण त्या वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. उपजातीसाठी जुना ७५ टक्क्यांचा नियम आहे: एका गटातले किमान ७५ टक्के पक्षी दुसऱ्या गटातल्या ९९ टक्क्यांपासून वेगळे ओळखता आले पाहिजेत. आकड्यांत सांगायचं तर दोन सरासरींमधला फरक हा एका गटाच्या प्रमाण विचलनाच्या (मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत त्या आकड्याच्या) ०.६७ पट अधिक दुसऱ्याच्या २.३३ पट यांच्या बेरजेहून जास्त हवा, आणि हे दोन्ही बाजूंनी तपासायचं. विचलन सारखं असेल तर साधारण तिप्पट.

जातीसाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी गुणपद्धत टोबायस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडली. प्रत्येक फरकाला १ ते ४ गुण: किरकोळ १, मध्यम २, मोठा ३, असाधारण ४. मापं आणि आवाज यांसाठी सरासरींतला फरक भागिले एकत्रित प्रमाण विचलन काढायचं, ०.२ ते २ ला एक गुण, २ ते ५ ला दोन, ५ ते १० ला तीन, दहाच्या वर चार. पिसारा व उघड्या कातडीचे जास्तीत जास्त तीन फरक धरायचे, आवाजाचे दोन (एक वेळेचा, एक कंपनसंख्येचा), मापांचे दोन (सगळ्यात मोठी वाढ आणि सगळ्यात मोठी घट), वर्तन किंवा परिसराचा एक. संकरपट्टा किंवा भिडलेले प्रदेश असतील तर त्याचे वेगळे गुण. समुद्राने तोडलेल्या पक्ष्यांना त्या रकान्यात शून्य. बेरीज ७ झाली तर जाती. फक्त किरकोळ फरकांच्या बेरजेवर जाती करायची नाही, अशीही अट आहे.

समजा, बेटावरच्या नरांच्या पंखांची सरासरी ८८ मिमी, मुख्य भूमीवरच्यांची ९३ मिमी, आणि दोन्हीकडे प्रमाण विचलन २ मिमी. (हे आकडे पद्धत समजावण्यापुरते आहेत, शामाचे नाहीत.) ५ भागिले २ म्हणजे २.५, गुणपद्धतीत दोन गुण मिळाले. पण ७५ टक्क्यांच्या नियमाला इथे ६ मिमी फरक हवा होता. म्हणजे जातीच्या गुणपत्रिकेत दोन गुण मिळवून देणारा हाच फरक एकटा असता, तर उपजातीचं नाव द्यायलाही पुरला नसता. ही विसंगती नव्हे. गुणपद्धत वेगवेगळ्या प्रकारच्या पुराव्यांची बेरीज मागते, एकट्या मापावर तिचा भरवसाच नाही.

मुद्दाम सांगायची गोष्ट म्हणजे बेटांवरचे काही बदल सगळ्याच पक्ष्यांत त्याच दिशेने होतात. शिकारी कमी असलेल्या लहान बेटांवर उडण्याचे स्नायू लहान होतात आणि पाय लांबतात. पुष्कळ ठिकाणी पिसारा फिका होतो, नर-मादीतला फरक पुसट होतो. हे बदल थोड्या पिढ्यांत घडू शकतात. त्यामुळे पाय जरा लांब, पंख जरा आखूड एवढ्यावर जाती मागणाऱ्या प्रस्तावाला माझ्याकडून पाठिंबा मिळणार नाही. जोडीदार ओळखण्यात जे गुण वापरले जातात, म्हणजे आवाज आणि प्रदर्शनात दिसणारा पिसारा, त्यांना जास्त वजन द्यायला हवं. २००२ मध्ये हेल्बिग आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश पक्षीयादीसाठी घालून दिलेल्या नियमांतही समुद्रापार राहणाऱ्या गटांमधले फरक वेगवेगळ्या कामांशी निगडित गुणांमध्ये असावेत, अशी अपेक्षा आहे. एकाच कामाचे पाच फरक म्हणजे पाच पुरावे होत नाहीत.

आवाज. इथे शामा हा अवघड गडी आहे. घुबडं, कबुतरं, कोंबडीवर्गीय यांच्या हाका उपजत असतात. पिल्लाला त्या शिकाव्या लागत नाहीत. म्हणून घुबडाची हाक बदलली की ती जवळजवळ जनुकांतला बदलच सांगते. लोम्बोक बेटावरचं रिंजानी स्कॉप्स घुबड २०१३ मध्ये, आणि प्रिन्सिपे बेटावरचं स्कॉप्स घुबड २०२२ मध्ये नवी जाती म्हणून जाहीर झालं. दोन्हींचा माग आवाजावरून लागला होता. शामाचं गाणं मात्र शिकलेलं असतं आणि तो इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो. बेटावर पोचलेल्या पहिल्या थोड्या पक्ष्यांना जेवढं गाणं येत होतं तेवढंच पुढे चालू राहतं आणि काही पिढ्यांत ते मूळ गाण्यापासून दूर जातं, जनुकं फारशी न बदलताही. म्हणून शामाच्या बाबतीत गाण्याबरोबर धोक्याच्या हाकाही ध्वनिमुद्रित करा, आणि गाण्यातल्या नकला आधी बाजूला काढा.

ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. रॅव्हनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आलापाची लांबी, सुरांची संख्या, सेकंदाला सुर किती, किमान-कमाल आणि सर्वांत जोरकस कंपनसंख्या मोजा. एका पक्ष्याचे चाळीस आलाप म्हणजे चाळीस पक्षी नव्हेत. प्रत्येक पक्ष्याची सरासरी काढा आणि ती एकच नोंद धरा. ही चूक प्रकाशित लेखांतही दिसते, आणि तिच्यामुळे विचलन खोटं लहान होऊन गुण फुगतात.

ध्वनिमुद्रण ऐकवून पाहणं ही समुद्रापलीकडच्या पक्ष्यांना एकमेकांशी भेटवण्याच्या सर्वांत जवळ जाणारी पद्धत. बेटावरच्या नराला त्याच्या हद्दीत मुख्य भूमीचं गाणं ऐकवा आणि तो धावून येतो का ते बघा. त्याआधी किंवा नंतर, वेळेचं अंतर ठेवून, त्याच बेटावरच्या दुसऱ्या नराचं गाणं ऐकवा. तो त्यालाही आला नाही, तर त्याची नोंद रद्द. तो त्या दिवशी लढण्याच्या मनःस्थितीतच नव्हता. संबंध नसलेल्या तिसऱ्या जातीचं गाणंही ठेवा. प्रत्येक हद्दीत वेगळ्या पक्ष्याचं मुद्रण वापरा, नाहीतर तुम्ही एका विशिष्ट मुद्रणाला मिळालेला प्रतिसाद मोजता. आणि हेच मुख्य भूमीवर उलट करा, कारण प्रतिसाद पुष्कळदा एकतर्फी असतो. अंडी-पिल्लांच्या काळात हे दोन-तीन मिनिटांपलीकडे नेऊ नये. नर घरट्यापासून लांब राहिला की नुकसान पक्ष्याचं होतं.

डीएनएबद्दल लोकांची समजूत अशी की तो शेवटचा शब्द आहे. तसं नाही. पक्ष्यांत अनेक वर्षं मायटोकाँड्रियाची (पेशीत ऊर्जा तयार करणारा, स्वतःचा वेगळा डीएनए असलेला भाग) सायटोक्रोम बी आणि एनडी२ ही जनुकं वापरली गेली, आणि सायटोक्रोम बी साठी दहा लाख वर्षांत सुमारे दोन टक्के फरक असा अंदाज धरला जातो. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो, त्यामुळे त्याची परिणामकारक लोकसंख्या पेशीकेंद्रातल्या जनुकांच्या पाव भागाएवढी असते. लहान बेटावर, जिथे मुळात थोडे पक्षी पोचले, तिथे सगळ्यांचा मायटोकाँड्रिया लवकरच एका फांदीवर येतो. म्हणजे 'बेटावरचे सगळे पक्षी वंशवृक्षात एकत्र आले' हे बेटाच्या लहानपणाचंच फळ असू शकतं. त्यावरून जाती ठरत नाही. उलटही खरं: बेटावरची फांदी मुख्य भूमीच्या फांद्यांच्या मधोमध निघाली म्हणून ती जाती नाही, असंही नव्हे. मोठ्या समूहातून बाजूला पडलेला एक कोपरा जाती होऊ शकतो.

पेशीकेंद्रातले हजारो तुकडे वाचले की चित्र भरवशाचं होतं. तिथेही जपून. दोन गटांतला भेद दाखवणारा एफएसटी हा आकडा बेटावर विविधता कमी असल्यामुळेच वर चढतो. त्याच्या जोडीला दोन गटांतला प्रत्यक्ष सरासरी फरक, म्हणजे डीएक्सवाय, द्यायलाच हवा. जाती वेगळ्या काढून देणारे जे संगणकीय नमुने वापरले जातात ते बरेचदा नुसत्या अलग पडलेल्या लोकसंख्यांनाच जाती म्हणून मोकळे होतात, हे २०१७ मध्ये सुकुमारन आणि नोल्स यांनी दाखवून दिलं. जीडीआय नावाचा निर्देशांक ०.२ च्या खाली असला तर एकच जाती, ०.७ च्या वर असला तर दोन, आणि मधे असला तर डीएनए काही ठाम सांगत नाही. बेटांवरचे पुष्कळसे पक्षी नेमके त्या मधल्या पट्ट्यात येतात.

नमुन्यासाठी जिवंत पक्ष्याच्या पंखाखालच्या शिरेतून २० ते ५० मायक्रोलिटर रक्त पुरतं. वजनाच्या एक टक्क्याची मर्यादा असते; शामा ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ०.३ मिलिलिटर, पण तेवढ्याची गरज पडत नाही. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, म्हणून रक्तात मायटोकाँड्रियाच्या डीएनएचं प्रमाण तुलनेने कमी आणि केंद्रकात जाऊन बसलेल्या त्याच्या जुन्या नकला हाती लागण्याचा धोका जास्त. अनुक्रमात अवेळी थांबा-संकेत दिसले, तर तुम्ही बहुधा अशी नकलच वाचलीय. जुन्या कातड्याच्या पायाच्या तळव्याचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा वेगळ्या, स्वच्छ प्रयोगशाळेत हाताळावा लागतो. त्यातला डीएनए तुटका असतो आणि तुकड्यांच्या टोकांना 'सी' च्या जागी 'टी' वाचला जातो. तो बिघाड न गाळता झाड काढलं की जुन्या नमुन्यांची खोटीच वेगळी फांदी तयार होते.

समुद्राच्या खोलीचा नकाशा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पुरावा. शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. बेटाभोवती १२० मीटरची खोलीरेषा काढा. बेट त्या रेषेच्या आत मुख्य भूमीला जोडलेलं असेल, तर वीसएक हजार वर्षांपूर्वी पक्षी चालत-उडत ये-जा करू शकत होते. रेषा बेटाला वेगळं ठेवत असेल, तर अलगपणा खूप जुना असू शकतो. राइंट आणि सहकाऱ्यांनी सुलावेसीच्या भोवतालची बेटं अशाच विचाराने निवडली, आणि २०२० मध्ये एकदम पाच नव्या जाती आणि पाच उपजाती जाहीर केल्या. जाती तालियाबू आणि पेलेंग या खोल पाण्याने वेढलेल्या बेटांवरून आल्या. उथळ समुद्रातल्या तोगियन बेटांवरून उपजातीच मिळाली. निकोबारातही मेगापोडची (किनाऱ्यावर जमिनीवरच घरटं करणारा पक्षी) उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची उपजाती यांच्यामधून सॉम्ब्रेरो खाडी जाते. खोली जाती ठरवत नाही, कुठे शोधायचं ते सांगते.

सह्याद्रीचे डोंगरमाथेही एका अर्थाने बेटंच, पाण्याऐवजी उष्ण सखल प्रदेशाने वेढलेली. पालघाटच्या आणि शेनकोट्टाच्या खिंडींनी तोडलेल्या तिथल्या शोला (डोंगरमाथ्यावरचं जंगल) पक्ष्यांवरचं काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला हे नवे गणच (जातींच्या वरची पातळी) करावे लागले. पद्धत तीच: जनुकं, मापं, रंग आणि आवाज एकत्र ठेवून.

मग शामाचा निकाल? पोटाचा रंग हा प्रदर्शनात दिसणारा, नमुना जुना झाल्याने न बदलणारा ठळक फरक. माझ्या मते त्याला तीन गुण द्यायला हरकत नाही. पिसाऱ्यातले इतर फरक आणि गाणं धरून बेरीज पुढे सरकते. मधलं कुठलंही रूप अंदमानात वा म्यानमारच्या किनाऱ्यावर दिसत नाही. या आधारावर मी त्याला जाती मानतो. पण गाण्याचे गुण मी उदारपणे देणार नाही, आणि चारही शेजारी गटांशी एकत्र ठेवलेली जनुकीय तुलना हाच या प्रकरणातला सर्वांत वजनदार पुरावा ठरेल.

याहून स्वच्छ प्रकरण कसं असतं ते बघायचं तर कॅनरी बेटांवरचा निळा चॅफिंच. तेनेरिफेचा मोठा आणि निळा. ग्रान कॅनारियाचा लहान, राखाडी, पंखावर दोन ठळक फिके पट्टे असलेला. दुसऱ्याला १९०५ मध्ये उपजाती म्हणून नाव मिळालं. शंभरेक वर्षांनी मापं, पिसारा, गाणं, डीएनए, अगदी शुक्राणूंची लांबीसुद्धा तपासली गेली आणि सगळं एकाच बाजूला झुकलं. तेव्हा ती स्वतंत्र जाती झाली. पुराव्याचे सगळे धागे स्वतंत्रपणे एकच सांगत असतील, तर वाद उरत नाही. अंदमानच्या गव्हाणी घुबडाचा प्रवासही असाच लांबला. ह्यूमने १८७५ मध्ये नाव दिलं, मग दीर्घकाळ ते जगभरच्या गव्हाणी घुबडाची उपजाती म्हणून नोंदलं गेलं आणि आता ते वेगळं मोजतात.

'कोण ठरवतं' याचं उत्तर: कुठलंही एक न्यायालय नाही. संशोधक पुरावा प्रसिद्ध करतात, याद्यांच्या समित्या तो स्वीकारतात किंवा थांबवून ठेवतात. पूर्वी आयओसी, क्लेमेंट्स आणि बर्डलाइफ या तीन याद्या वेगवेगळं सांगत. २०२५ मध्ये त्यांच्या मंडळींनी मिळून 'अॅव्हीलिस्ट' ही एकच यादी काढली. उपजातीची जाती करताना नवं नाव द्यायचं नसतं. जुनं उपजातीचं नावच वर चढतं आणि मूळ लेखकाचं श्रेय कायम राहतं: कॉप्सिकस अल्बिव्हेंट्रिस (ब्लाइथ, १८५८). लेखक कंसात असतो, कारण ब्लाइथने ते दुसऱ्या गणात ठेवलं होतं.

याला एवढं महत्त्व का, हे सांगायलाच हवं. जागतिक लाल यादीत पक्ष्यांचं मूल्यमापन जातींच्या पातळीवर होतं. बेटावरची उपजाती संपत आली तरी मुख्य भूमीवरच्या लाखो पक्ष्यांमुळे जाती 'सुरक्षित' दिसते. सुमात्राच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचे शामा पिंजऱ्यांच्या बाजारासाठी पकडून पकडून विरळ झाले, तेव्हा हेच घडत होतं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत निकोबारच्या मेगापोडची घरटी असलेला किनाराच वाहून गेला. ग्रेट निकोबारचा सर्पगरुड, स्कॉप्स घुबड आणि मेगापोडची दक्षिणेकडची उपजाती यांचं घर असलेल्या बेटावर आज गलाथियाला बंदर उभं करण्याची योजना आहे. तरीही 'वाचवायचं म्हणून जाती करा' हे मला मान्य नाही. कच्च्या पुराव्यावर केलेली जाती पुढच्या आवृत्तीत खोडली जाते, आणि तेव्हा संरक्षणाची बाजू आणखी दुबळी होते. कायद्याने आणि धोरणाने उपजातींनाही, त्या बेटापुरत्या का असेनात, स्वतंत्रपणे मोजावं, ही मागणी जास्त पक्की आहे. आणि 'ठरत नाही तोवर उपजातीच ठेवा' हा पवित्राही तटस्थ नाही. चुकीने जोडलेला पक्षी नजरेआड होतो.

तुम्ही संशोधक नसाल तरी यात खरी भर घालू शकता. जाळं लावणं, रक्त घेणं यासाठी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, नमुना देशाबाहेर जाणार असेल तर जैवविविधता कायद्याचीही, आणि १९५६ च्या नियमाखालच्या आदिवासी राखीव क्षेत्रांत परवान्याशिवाय पाऊलही टाकायचं नाही. पण फोटो आणि ध्वनिमुद्रण पर्यटकांना खुल्या जागी, पोर्ट ब्लेअरजवळच्या (आता श्री विजयपुरम) चिडियाटापूला किंवा माउंट हॅरिएटच्या (आता माउंट मणिपूर) जंगलात करता येतं. शामाचं पोट आणि शेपटीखालचा भाग दिसेल असा फोटो, नर की मादी, नेमकी जागा आणि तारीख. ध्वनिमुद्रणात गाण्याआधी-नंतरच्या हाका कापू नका, मूळ वेव्ह फाइल तशीच चढवा, आणि मुद्रण करण्याआधी त्याला काही ऐकवलं असेल तर तसं लिहा. चिडलेल्या नराचं गाणं नेहमीच्या गाण्याहून वेगळं असतं आणि ती नोंद नसेल तर ते मुद्रण मोजणीत घेता येत नाही.